अठरा पूर्ण होण्याआधी: बालगृहातल्या मुलांची स्वतंत्र जगण्याची तयारी कशी करून घ्यावी

ज्या आठवड्यात मुलाला अठरा पूर्ण होतात त्याच आठवड्यात तयारीला लागलात, तर तयारी झालीच नाही असं समजा. बालगृहात, निरीक्षणगृहात (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ठेवतात तिथे) किंवा प्रतिपालक कुटुंबांसोबत (मुलाला काही काळ सांभाळणारी दुसरी कुटुंबं) नव्याने काम करू लागलेल्यांना सगळ्यात आधी हेच सांगावं लागतं. घरात वाढलेला मुलगा विशीतही आईला फोन करून विचारतो की गॅस संपलाय, काय करू. संस्थेतून निघालेल्या मुलाकडे असा फोन नसतो, आणि त्याचं ताट, कपडे, शाळेची फी, डॉक्टर, झोपायची वेळ हे सगळं तोपर्यंत दुसऱ्यानेच ठरवलेलं असतं. म्हणून तीन वर्षं आधी सुरुवात करायची आणि तारखेपासून उलट मोजत यायचं.

कायद्यात काय आहे, थोडक्यात

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ प्रमाणे अठरा पूर्ण करून संस्था सोडणाऱ्याला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक मदत देता येते. याला अनुरक्षण किंवा पश्चात देखभाल म्हणतात. ती २१ वर्षांपर्यंत मिळू शकते आणि २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं वाढवता येते. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये (२०२२) यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. मूल संस्थेतून निघण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) किंवा बाल कल्याण अधिकाऱ्याने त्याच्या पुढच्या व्यवस्थेचा आराखडा बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, ठेवायचा असतो. बाल न्याय मंडळाकडची, म्हणजे मुलावर गुन्ह्याचा आरोप असलेली, केस असेल तर तो मंडळापुढे ठेवायचा.

दोन महिने ही शेवटची मुदत आहे. पुष्कळ ठिकाणी कामच तेव्हा सुरू होतं, आणि मग आराखड्यात ‘मुलास नोकरीस लावण्यात येईल’ असं एक वाक्य लिहून फाईल पुढे जाते. आराखड्यात राहण्याचा पत्ता, तिथलं भाडं, कोर्स किंवा नोकरीचं नाव, बँक खात्याचा क्रमांक आणि संपर्कातल्या मोठ्या माणसाचं नाव असायला हवं. या पाचांपैकी एखादं रिकामं असेल तर आराखडा अजून झालेला नाही.

एक गोष्ट लक्षात असू द्या. संस्थेतल्या अनेक मुलांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत घालताना अंदाजाने ती टाकलेली असते. त्यामुळे एकाच आठवड्यात तिघे-चौघे ‘अठरा पूर्ण’ होतात. बारावीनंतरचे प्रवेश तेव्हा अजून पार पडलेले नसतात, वसतिगृहांच्या याद्या लागलेल्या नसतात. अशा मुलांचा अनुरक्षणाचा प्रस्ताव मार्चमध्येच तयार हवा.

पंधराव्या वर्षी: कागदपत्रं

सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो. प्रत्येक मुलाची कागदपत्रं एका टेबलावर पसरा: प्रवेशाच्या वेळचा समितीचा आदेश, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, आधार, जन्मदाखला असेल तर तो, लसीकरणाचं कार्ड. आता नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. प्रवेश रजिस्टरमध्ये ‘राजू’, शाळेत ‘राजेश’ आणि आधारवर तिसऱ्याच आडनावाने ‘राजेश’, असं हमखास सापडतं.

दुरुस्ती दहावीचा परीक्षा अर्ज भरण्याआधी झाली तर शाळेच्या पातळीवर निभावते. एकदा बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चुकीचं नाव छापून आलं की ते बदलायला अर्ज, प्रतिज्ञापत्र, कधी राजपत्र अशी लांब वाट धरावी लागते. म्हणून नववीच्या उन्हाळ्यात हे काम संपवायचं.

जन्मदाखला नसेल तर कायद्याचा क्रम पाहा. कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. समितीने ठरवून नोंदवलेलं वय या कायद्यापुरतं खरं वय धरलं जातं. त्या आदेशाची साक्षांकित प्रत मुलाच्या फाईलमध्ये ठेवा. जन्माची नोंद वर्षाहून जास्त उशिरा करायची असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्यात महिने जातात.

आधारचं बायोमेट्रिक पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावं लागतं. संस्थांमध्ये पंधराव्या वर्षीचं हटकून राहून जातं. मग अठराव्या वर्षी सिमकार्डच्या दुकानात, बँकेत, सगळीकडे बोटांचे ठसे जुळत नाहीत आणि दोष मुलाचा समजला जातो. आधारवर फक्त जन्मवर्ष आहे की पूर्ण तारीख, हेही पाहा. पूर्ण तारीख नसेल तर पुढे ऑनलाइन पॅन काढताना अडतं. कुटुंबाचा पुरावा नसलेल्या मुलासाठी मान्यताप्राप्त संस्थेच्या अधीक्षकांचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र आधार केंद्रात चालतं.

दोन्ही पालक नसलेल्या मुलासाठी अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज मूल संस्थेत असतानाच जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयामार्फत करा. महाराष्ट्रात शिक्षण आणि शासकीय नोकरीतलं अनाथांचं एक टक्का आरक्षण या प्रमाणपत्रावरच मिळतं. २०१८ मध्ये हे आरक्षण सुरू झालं. २०२३ च्या शासन निर्णयात ‘संस्थात्मक’ आणि ‘संस्थाबाह्य’ अशा दोन वर्गवाऱ्या आहेत आणि २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कमाफीसाठीही त्याच वर्गवाऱ्या धरल्या जातात. संस्थेत वाढलं ते प्रत्येक मूल अनाथ असतं असं नाही, बहुतेकांचं कुणीतरी असतंच. ज्याचे वडील किंवा काका माहीत आहेत त्याच्या जातीच्या दाखल्यासाठी वडिलांकडचे जुने पुरावे लागतात: अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचे, इतर मागास वर्गासाठी १९६७ पूर्वीचे. नातेवाईक अधूनमधून भेटायला येतात तोवरच ते मागून घ्या. भेटी थांबल्या की ही वाट बंद होते. अधिवासाच्या दाखल्यासाठी मूल कुठल्या वर्षापासून संस्थेत आहे याचं पत्र आणि शाळेचे दाखले एकत्र ठेवा.

सोळाव्या वर्षी: पैसे आणि पोट

पैशांवरचं व्याख्यान निरुपयोगी असतं. पैसे हातात द्यावे लागतात. साबण, टूथपेस्ट, तेल, वही-पेन, सॅनिटरी पॅड या वस्तू भांडारातून वाटण्याऐवजी त्यांची महिन्याची रक्कम, समजा ४०० रुपये, मुलाच्या हातात द्या आणि खरेदी त्याच्यावर सोपवा. पहिल्या महिन्यात दहा तारखेलाच पैसे संपतील. संपू द्यावेत. त्या महिन्यात साबण कुणाकडून तरी मागून घ्यावा लागला तर ते इथे, तुमच्यासमोर घडतंय, हे चांगलंच आहे. फक्त पॅड आणि औषधं यांना या नियमातून बाहेर ठेवा. ती कमी पडली तर लगेच द्यायची.

याच वर्षी बचत खातं काढा. दहा वर्षांवरचं मूल स्वतःचं खातं स्वतः चालवू शकतं. पैसे भरायची आणि काढायची स्लिप त्याने स्वतः भरावी, पासबुक त्यानेच छापून आणावं. शेजारी उभं राहा, पेन हातात घेऊ नका. अठरा पूर्ण झाल्यावर त्याच खात्यावर नव्याने केवायसी आणि नव्या सहीचा नमुना द्यावा लागतो, हे आत्ताच नोंदवून ठेवा. दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं आणि अनुदान अडकतं.

स्वयंपाकाबद्दल एक गैरसमज असतो. संस्थेच्या स्वयंपाकघरात मदत करणाऱ्या मुलींना ‘सगळं येतं’ असं धरलं जातं. त्यांना साठ माणसांची आमटी येते; एका माणसाची येत नाही. मीठ, तेल, पाणी यांचा अंदाज पार बदलतो. दोन लिटरच्या कुकरवर शिकवा: एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, वरच्या डब्यात अर्धी वाटी तूरडाळ, तीन शिट्ट्या. मग तीच डाळ दोन वेळा कशी पुरवायची ते शिकवा. मुलग्यांनाही तितकंच. पोहे, उपमा, अंड्याची पोळी, खिचडी आणि एक पालेभाजी इतकं आलं की मेस बंद असली तरी उपाशी झोपायची वेळ येत नाही. गॅससाठी पत्त्याचा पुरावा नसला तरी पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर विकत मिळतो. खोलीत घ्यायचा असेल तर घरमालकाला आधी विचारायला सांगा.

सरकारी रुग्णालयाची एक फेरीही याच वर्षी करवून घ्या. केसपेपर काढणं, ओपीडीच्या रांगेत थांबणं, डॉक्टरला त्रास स्वतः सांगणं, औषधाच्या खिडकीवर कागद दाखवणं. बरोबरच्या ताई किंवा दादांनी बाहेर बाकावर बसावं.

सतराव्या वर्षी: सराव

संस्थेच्या आवारात किंवा जवळपास दोन खोल्या मिळाल्या तर चार ते सहा मुलांना सहा आठवडे तिथे वेगळं राहू द्या. समितीला कळवून, देखरेखीचा माणूस ठरवून. किराणा, भाजी, वीज आणि प्रवास यांचे पैसे आठवड्याला एकत्र द्या. घंटा नाही, हजेरी नाही, उठवायला कोणी नाही. कायद्यातली पुढची व्यवस्थाही सहा ते आठ तरुणांच्या गटघराचीच आहे, त्यामुळे हा सराव वाया जात नाही.

दुसऱ्या आठवड्यात भांडी कुणी घासायची यावरून कडाक्याचं भांडण होईल. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी कॉलेज बुडवून दिवसभर झोपून राहील. धावत जाऊन निवाडा करू नका. रविवारी एकत्र बसवा, हिशेबाची वही मध्ये ठेवा आणि पुढच्या आठवड्याची वाटणी त्यांनाच करू द्या. सहा आठवड्यांनंतर कोण एकट्याने राहू शकेल, कुणाला गटातच ठेवावं लागेल आणि कुणासाठी अनुरक्षणगृहच (अठरानंतर राहायची संस्था) बरं, हे कुठल्याही अहवालापेक्षा स्वच्छ दिसतं.

कोर्स ठरवतानाही इथेच घाई होते. शिवणकाम, ब्यूटी पार्लर, मोबाइल दुरुस्ती असं जे संस्थेजवळ फुकट मिळतं त्यात सगळ्यांना घातलं जातं. तसं न करता मुलाला तीन कामाच्या ठिकाणी प्रत्येकी दोन-दोन दिवस नुसतं पाहायला पाठवा: गॅरेज, रुग्णालय, दुकान, कारखाना, कार्यालय, काहीही. आयटीआय निवडणाऱ्याने त्या ट्रेडचं काम कुठल्या गावात मिळतं ते आधी पाहावं. पुढे शिकायचं म्हणणाऱ्याला नोकरीकडे ढकलू नका. अनुरक्षणाची वर्षं त्यासाठीच आहेत.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट ठाम सांगायला हवी. लग्न लावून देणं म्हणजे पुनर्वसन नव्हे. अठरा पूर्ण झालेल्या मुलीकडे कमाई, खातं आणि परतायला जागा नसेल तर त्या घरात काहीही झालं तरी ती तिथून निघू शकत नाही. तिला लग्न करायचं असेल तर तिने करावं, पण संस्थेने तारीख गाठण्यासाठी स्थळ शोधू नये.

घरच्यांचा विषय याच वर्षी बोलून घ्या. अनेकांना आई कोण, आपल्याला इथे का आणलं, हे जाणून घ्यायचं असतं आणि बाहेर पडल्यावर ते एकटेच शोधायला निघतात. फाईलमध्ये काय आहे ते समुपदेशकासोबत बसून, मुलाच्या गतीने, संस्थेत असतानाच सांगावं. वर्षानुवर्षं न फिरकलेला नातेवाईक अठराव्या वर्षी अचानक येतो तेव्हा कधी माया असते, कधी खात्यात साठलेल्या पैशांवर डोळा असतो. दोन्ही शक्यता मुलाला माहीत असाव्यात. निरीक्षणगृहातून आलेल्या मुलांना सांगा की कलम २४ प्रमाणे जुन्या प्रकरणामुळे कुठली अपात्रता लागत नाही. १६ वर्षांवरच्या, प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा अपवाद आहे.

अठरा पूर्ण झाल्यावरचे पंधरा दिवस

इथे क्रम चुकला की सगळं खोळंबतं. अठराच्या आत स्वतःच्या नावावर सिम मिळत नाही, म्हणून आधारला आणि बँकेला संस्थेतल्या कुणाचा तरी नंबर जोडलेला असतो. ती व्यक्ती नोकरी सोडून गेलेली असते आणि मुलाचे ओटीपी तिच्या फोनवर जात राहतात. क्रम असा ठेवा:

१. पहिल्या दोन दिवसांत स्वतःच्या नावावर सिम.
२. लगेच आधार केंद्रात जाऊन तो नंबर जोडणं.
३. नंबर जोडला गेल्यावर आयकर विभागाच्या संकेतस्थळावर आधारवरून मोफत ई-पॅन, आणि डिजिलॉकर.
४. बँकेत नवी केवायसी, नवी सही, नवा नंबर. त्याच फेरीत वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा सुरू करून घ्या.
५. मतदार नोंदणीचा नमुना ६. हा अर्ज सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊही भरता येतो. नातेवाइकाच्या रकान्यात अनाथ व्यक्तीसाठी कायदेशीर पालकाचं नाव लिहायची सोय आहे.

मूळ कागदांचा संच मुलाच्या हाती, एक छायाप्रत संच संस्थेत, एक डिजिलॉकरमध्ये किंवा ईमेलवर. मूळ कागद कुठल्याही मालकाकडे किंवा नोकरी लावून देणाऱ्याकडे ठेवायचे नाहीत. छायाप्रत देताना तिच्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते आडवं लिहून सही करायची, ही सवय लावा.

पहिल्या पगारापर्यंतचे बत्तीस दिवस

नोकरी लागली म्हणजे सुटलो, असं सगळ्यांना वाटतं. ५ जूनला कामावर रुजू झालेल्याचा पगार ७ जुलैला येतो. तोवर काय खायचं? पुण्यासारख्या शहरात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाचा ढोबळ हिशेब मांडून पाहा: अनामत ४,०००, पहिलं भाडं ४,०००, मेसचे आगाऊ ३,५००, चहा-नाश्ता १,२००, प्रवास १,२००, रिचार्ज आणि साबण-सोडा ८००, गादी, बादली, चादर, कुलूप मिळून २,०००. बेरीज १६,७०० होते. इतके पैसे निघण्याच्या दिवशी त्याच्या खात्यात नसतील तर तो पहिल्याच महिन्यात कर्ज काढणार, आणि ते कर्ज मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अ‍ॅपवरून काढणार. अनुरक्षणाचा पहिला हप्ता वेळेवर येईलच असं धरू नका. संस्थेने देणगीतून ही रक्कम वेगळी राखून ठेवावी.

दुसऱ्या महिन्यापासून हाच मुलगा महिन्याला साधारण १०,७०० रुपयांत राहतो. हातात १४,००० येत असतील तर ३,३०० उरतात. उरलेल्यातले २,००० पगार आल्या दिवशीच आवर्ती ठेवीत वळवायला लावा. पगाराची पावती वाचायला शिकवा: भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के, आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) ०.७५ टक्के कापले जातात. पैसे कापले जातात पण विमा क्रमांक दिला जात नाही, असं असेल तर कंपनीत लेखी विचारायचं. यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक, एकच असतो, नोकरी बदलली तरी तोच द्यायचा.

खोली घेताना भाडेकरार लेखी आणि नोंदवलेला असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. ‘घरचे कुठे असतात?’ हा प्रश्न मालक विचारणारच. उत्तर आधीच ठरवून त्याचा सराव करा. संस्थेत वाढलो हे सांगायचं की नाही हा निर्णय मुलाचा आहे. तुम्ही परस्पर सांगू नका. स्थानिक ओळखीसाठी एका मोठ्या माणसाचं नाव आणि नंबर मात्र द्यावा लागतो.

फसवणुकीचे प्रकार अनेक आहेत, पण या मुलांना सगळ्यात जास्त घातक ठरतं ते खातं भाड्याने देणं. ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, काढून दे, हजार तुझे.’ विचारणारा बहुधा जुना मित्रच असतो. ते पैसे दुसऱ्याला लुबाडून आणलेले असतात, खातं गोठवलं जातं आणि गुन्ह्यात नाव खातेदाराचं येतं. एटीएम कार्ड, पिन, सिम यांतलं काहीही मित्राला द्यायचं नाही. फसवणूक झालीच तर तासाभरात सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० वर फोन करायचा.

नंतरचा संपर्क

निघाल्यावर पहिले तीन महिने आठवड्याला एक फोन, मग वर्षभर पंधरा दिवसांनी. फोनवर ‘कसा आहेस’ विचारलं की ‘बरा आहे’ इतकंच उत्तर येतं. भाडं भरलंस का, काल रात्री काय जेवलास, कामावर कुणाशी बोलतोस, असं विचारा. सलग दोन फोन उचलले नाहीत तर तिसऱ्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन या. झोप उडालेली असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर नुसता देऊन थांबू नका, शेजारी बसून लावून द्या आणि डॉक्टरकडे सोबत जा.

फोन करणारी व्यक्ती शक्यतो एकच असावी, आणि संस्थेची कर्मचारी नसली तर जास्त चांगलं, कारण कर्मचारी बदलतात. संस्थेतून चार-पाच वर्षांपूर्वी निघालेले ताई-दादा हे काम उत्तम करतात. वीस वर्षं सहा महिने झाले की फाईल पुन्हा उघडा. शिक्षण अर्धवट असेल तर मुदतवाढीचा अर्ज २१ पूर्ण होण्याआधी समितीकडे पोचला पाहिजे.

लहान मुलं राहतात तिथे प्रौढ माजी विद्यार्थ्यांना मुक्काम करता येत नाही, हे बरोबरच आहे. पण मग दिवाळीत काय? मेस चार-पाच दिवस बंद असते, खोलीतले सगळे गावी गेलेले असतात, आणि हा एकटा कॉटवर पडून असतो. ऑक्टोबर लागला की यादी काढा, कोण कुठे असणार ते प्रत्येकाला विचारा, आणि ज्याचं उत्तर ‘रूमवरच’ असेल त्याच्यासाठी लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचं आणि भाऊबीजेचं जेवण कुणाच्या घरी आहे ते ठरवून त्याला आधीच कळवा.